स्नो बाइक अर्ध्या तासाने मिसिंग करते, बंद पडते: आधी इंजिन किती थंड आहे ते बघा

तक्रार अशी असते. बाइक सकाळी नीट चालू होते, पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास पळते. मग हळूहळू पिकअप मरतो. रेस पिळली की भकभक, रेस सोडली की फटकन बंद. स्टार्टर मारून मारून चालू केली तर शंभर मीटरवर पुन्हा तेच. प्लग काढावा तर काळाकुट्ट, ओला, पेट्रोलचा वास येणारा. नवा प्लग घातला की अर्धा तास सगळं ठीक, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझा पहिला अख्खा हिवाळा यात गेला. त्यानंतर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, आमच्या बॉयझी शहरात आणि वर मॅकॉल गावच्या डोंगरात भेटलेल्या निदान सात-आठ जणांच्या बाइकवर मी हेच दुखणं बघितलं. दोन मराठी मित्रांनी गेल्या वर्षी कॅनडात अशा बाइक घेतल्या, त्यांनीही डिसेंबरात हेच विचारलं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हे.

ज्यांनी ही गाडी बघितलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साधारण ४५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक घ्यायची. पुढचं चाक काढून तिथे एक रुंद स्की लावायची, मागचं चाक आणि ते धरणारा स्विंगआर्म काढून तिथे दातेरी रबरी पट्ट्याचा सांगाडा बसवायचा. हा संच वेगळा विकत मिळतो. यातलं गाजलेलं नाव टिंबरस्लेड, आमच्याच आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट गावचं. २०१५ साली ते पोलारिसने विकत घेतलं. उन्हाळा आला की संच उतरवायचा, चाकं चढवायची, बाइक पुन्हा मातीवर. म्हणजे इंजिन तेच राहतं, मातीत आणि उन्हात पळण्यासाठी घडवलेलं. सगळी गोम इथेच आहे.

मी काय काय बदललं

आधी प्लग, चार वेळा. मग पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी रिकामी करून धुतली. मग फिल्टर. मग इंजेक्टर साफ करून घेतला. एका दुकानात दाखवली तर त्यांनी फ्युएल पंप गेलाय म्हणून सांगितलं, तोही बदलला. बॉयझीहून हायवे ५५ ने पेयेट नदीच्या कडेकडेने अडीच तास वर जायचं, बाइक उतरवायची, अर्ध्या तासात ती बंद पडायची आणि सोबत्याच्या मागे दोरीने बांधून खाली आणायची. हे सलग पाच शनिवार.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं चाललं होतं. पेट्रोल पोचत नाही असं धरून मी प्रत्येक भाग बदलत होतो, आणि काळा ओला प्लग मला प्रत्येक वेळी ओरडून सांगत होता की पेट्रोल जास्त होतंय. कमी पडत असतं तर प्लग कोरडा आणि पांढरट निघाला असता.

डोळे उघडले ते ऑइलने. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या, बाजूला ऑइल बघायची छोटी गोल काच असते. मी निघताना ऑइल बरोबर मधल्या खुणेवर होतं. परत आल्यावर बाइक सपाटीला सरळ उभी करून बघितलं तर काच जवळजवळ वरपर्यंत भरलेली. गाडी ऑइल खाते हे लहानपणापासून ऐकलंय. ऑइल वाढवते हे पहिल्यांदाच बघत होतो. झाकण उघडून बोट बुडवलं. बोटावरून ते पाण्यासारखं ओघळलं आणि नाकाशी नेलं तर भप्पकन पेट्रोल. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट, दुधाळ साय जमलेली होती.

त्याच रात्री नऊला कराडला अण्णांना फोन लावला. तिकडे रविवार सकाळचे साडेनऊ. अण्णांचं हायवेलगत गॅरेज होतं, तीस वर्षं ट्रक आणि टेम्पोची कामं केली त्यांनी. बर्फ त्यांनी आयुष्यात टीव्हीवरच बघितलाय. मी सगळी यादी वाचून दाखवली. ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बंद पडल्यावर रेडिएटरच्या नळीला हात लावून बघितलास का? किती वेळ धरवतो?"

नव्हता लावला. पुढच्या शनिवारी लावला. चाळीस मिनिटं चढावर ताणलेली गाडी बंद पडली, हातमोजा काढला आणि इंजिनच्या डोक्यातून रेडिएटरकडे जाणारी नळी जपून धरली. खरं तर तिला नुसतं बोट लावलं तरी चटका बसायला हवा. ती कोमट होती. आंघोळीच्या पाण्याइतकी. मी ती मुठीत धरून उभा राहिलो.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पोतं बांध पुढं." जानेवारीत दिल्ली-पंजाबला माल घेऊन जाणारे ड्रायव्हर रेडिएटरच्या जाळीपुढे गोणपाट बांधतात, नाहीतर इंजिन तापत नाही आणि डिझेल नुसतं धुरात जातं, हे त्यांनी मला लहानपणी दाखवलं होतं. ते मी विसरलो होतो.

आत काय घडतं

आपल्याकडे इंजिनाचा शत्रू म्हणजे उष्णता, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गाडी गरम होते म्हणून कितीतरी मेकॅनिक सरळ थर्मोस्टॅट काढून फेकतात, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याला थंड ठेवणारं पाणी (कुलंट) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. महाराष्ट्रातल्या उन्हात ते काही दिवस खपूनही जातं. मोटोक्रॉस बाइकलाही बऱ्याचदा कंपनीकडूनच थर्मोस्टॅट नसतो. कुलंट पहिल्या क्षणापासून दोन्ही रेडिएटरमधून फिरत राहतं. मातीच्या ट्रॅकवर तीस अंशांत ते बरोबरच आहे.

बर्फात उलटं होतं. हवा उणे दहा. त्यात पुढची स्की सगळा भुसभुशीत बर्फ उडवून थेट रेडिएटरवर मारते. तो बर्फ जाळीत भरतो आणि वितळतो, आणि वितळताना प्रचंड उष्णता पितो. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. आपल्या बाइकमध्ये कुलंट असतं जेमतेम लिटर-सव्वा लिटर. ते कसं तापणार?

आता दुसरा धागा. इंजेक्शनवाल्या गाडीत कुलंटचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो इसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, इंजिन अजून थंड आहे. इसीयू इमानदारीने जास्त पेट्रोल सोडतो, जसं सकाळी चालू करताना सोडायला हवं तसं. फरक एवढाच की ही सकाळ दिवसभर संपत नाही. जुन्या बुलेटचा चोक ओढून दिवसभर चालवावी तशी ही गाडी चालते. जास्तीचं पेट्रोल थंड सिलिंडरमध्ये नीट वाफ होत नाही. काही प्लगवर काजळी होऊन बसतं, काही सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. जळताना तयार होणारी पाण्याची वाफही खाली जाते. ऑइल गरम असतं तर ती उडून गेली असती, थंड ऑइलमध्ये ती राहते आणि साय धरते.

म्हणून बंद पडणं हा यातला किरकोळ भाग समजा. खरी भीती त्या पातळ ऑइलची आहे. या इंजिनात ऑइल लिटर-सव्वा लिटरच्या आसपास, आणि बहुतेक गाड्यांत क्रँक, गिअर आणि क्लच सगळे त्याच ऑइलवर. त्यात पेट्रोल मिसळलं की बेअरिंग आणि कॅम कोरडे घासतात. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर "आजचा दिवस काढू, उद्या बदलू" असं करू नका. तिथेच थांबा. एका ऑइल चेंजचा खर्च आणि एका क्रँकचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

दहा डॉलरची परीक्षा

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. एका बाजूचा रेडिएटर पुढून जाड पुठ्ठ्याने झाका, वरून रुंद चिकटपट्टी मारा. दुसरा उघडा ठेवा. शक्य असेल तर नळीवर बसणारा तापमापक आधी लावून घ्या. छोटा डिजिटल मीटर आणि सेन्सर मिळतो. तो नसेल तर हात आहेच.

माझ्या बाइकवर उघड्या रेडिएटरनी भुसभुशीत बर्फात मीटर १०० ते ११० फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे ४० सेल्सिअसच्या आसपास. एक रेडिएटर झाकल्यावर तोच १५५ वर गेला. गाडी दोन तास एकदाही बंद पडली नाही. त्या दिवशी चढावर मी मोठ्याने ओरडलो होतो, हे कबूल करतो.

पण पुठ्ठा हा इलाज नव्हे, ही फक्त परीक्षा आहे. परतीच्या वाटेवर मशिनने दाबलेला टणक रस्ता लागला. तिथे बर्फ उडत नाही, रेडिएटरवर काही पडत नाही. मीटर बघता बघता २२० फॅरनहाइटच्या पुढे सरकायला लागला, म्हणजे शंभर सेल्सिअसच्या वर. थांबून चिकटपट्टी फाडून काढावी लागली. ज्यांनी कायमचं झाकून टाकलंय त्यांचं इंजिन असंच एखाद्या टणक वाटेवर शिजतं, आणि मग ते म्हणतात ही बाइक कधी थंड कधी गरम, हिचं काही कळत नाही.

कायमचा उपाय थर्मोस्टॅट. स्नो बाइकसाठी नळीच्या मध्ये बसवायचे तयार संच मिळतात, साधारण ७० ते ८० सेल्सिअसला उघडणारे. घेताना एकच गोष्ट पाहा: त्याला बायपास नळी आहे का. बायपास म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतानाही कुलंट रेडिएटर टाळून इंजिनातल्या इंजिनात पंपाकडे परत फिरायची वाट. ती नसेल तर कुलंट जागीच अडतं, डोक्याकडे तापत राहतं आणि थर्मोस्टॅटपर्यंत ती ऊब पोचायला उशीर होतो. एका सोबत्याने मोटारीचा सुटा थर्मोस्टॅट नळीत कोंबला होता, बायपासशिवाय. हेड गॅस्केट गेलं.

नवा असो वा जुना, बसवायच्या आधी मी थर्मोस्टॅट उकळून बघतो. गॅरेजातल्या शेगडीवर एक जुनं पातेलं ठेवायचं, पाण्यात थर्मोस्टॅट तारेने लोंबकळत सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. आधण येत जातं तसं बघत राहायचं. साठला काही नाही. पासष्टला काही नाही. सत्तरच्या पुढे पितळी तबकडी केसभर उचलली जाते, मग आणखी, आणि ऐंशीपर्यंत बोटाच्या पेरातली रेघ दिसावी एवढी फट पडते. गॅस बंद केला की हळूहळू मिटते. हे एकदा डोळ्यांनी बघा, मग ही वस्तू काय करते ते कुणी सांगावं लागत नाही. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. कुलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, आणि चवीला गोड असल्यामुळे सांडलेलं कुत्री चाटतात आणि मरतात. जमिनीवर थेंब पडला तरी पुसून घ्या.

बसवून झाल्यावर हवा काढणं सगळ्यात महत्त्वाचं. नव्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. बाइकचं पुढचं अंग उंच करा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, नळ्या हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत कुलंट ओतत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. ते साधारण उणे ३७ सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात रेसिंगसाठी नुसतं पाणी भरणारे असतात. अशा कुणाकडून बाइक घेतली असेल तर पहिल्या थंडीआधी ते काढा, नाहीतर इंजिनच फुटेल.

आता माझा मीटर भुसभुशीत बर्फात १६५ आणि टणक वाटेवर १८० फॅरनहाइटच्या आसपास राहतो. प्लग तपकिरी निघतो. ऑइल खुणेवरून हलत नाही. तरीही थंडीत मी दर पाच तासांनी ऑइल बदलतो. हे इंजिन तासांवर जगतं, किलोमीटरवर नव्हे.

थर्मोस्टॅट लावूनही बंद पडत असेल तर

मग ती *कधी* बंद पडते ते नीट आठवा. भाग बदलण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण प्रत्येक दुखण्याची वेळ वेगळी असते.

पूर्ण रेसमध्ये लांब चढ चढताना दम कोंडल्यासारखी बंद पडते, पाच मिनिटं थांबलं की आपोआप चालू होते: टाकीचं झाकण उघडा. "सूं" करून हवा आत ओढली गेली तर टाकीची श्वासनळी बर्फाने बंद झाली आहे. पेट्रोल खाली जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. त्या नळीत बऱ्याचदा एकदिशा झडप असते, ती काढा आणि नळीचं टोक हँडलच्या पाटीमागे, बर्फ न उडणाऱ्या जागी नेऊन बांधा. फ्युएल पंप गेलाय असं ठरवण्याआधी हे झाकण एकदा उघडून बघा.

पुढच्या गाडीच्या मागे, बर्फाच्या धुरळ्यात शिरलं की लगेच दबते आणि मोकळ्यात आली की सुधारते: एअर फिल्टर बर्फ गिळतोय. उन्हाळ्यातला ऑइल लावलेला फोमचा फिल्टर इथे उपयोगाचा नाही, त्याच्यावर बर्फ चिकटून थर धरतो. एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या, बाजूच्या खिडक्या बंद करायच्या, हवा वरून घ्यायची, आणि तोंडावर पाणी झटकणारी बारीक जाळी लावायची. संचांबरोबर यासाठीचे भाग मिळतात; पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल आणि हवा कडक थंड नसून शून्याच्या आसपास, दमट असेल, तर कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान आणखी खाली जातं आणि हवेतलं बाष्प तिथेच गोठतं. म्हणून उणे वीसला नीट चालणारी गाडी शून्याला दगा देते. कार्ब्युरेटरला गरम कुलंटची नळी फिरवून देणारे जोड असतात, ते लावा.

आणि एक असं आहे की जिथे गाडी बंद पडत नाही, उलट बंद होत नाही. रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहतं. थ्रॉटलची पाकळी किंवा केबल गोठली आहे. त्या क्षणी किल स्विच, म्हणजे इंजिन तिथल्या तिथे बंद करणारं बटण, दुसरं काही नाही. मनगटाला दोरीने जोडलेला किल स्विच लावल्याशिवाय मी आता बाइकवर बसत नाही, आणि तुम्हीही बसू नका. निघण्याआधी इंजिन बंद असताना रेस पूर्ण पिळून सोडा, "टक" आवाज करून जागेवर आली पाहिजे. केबल ओली झाली असेल तर रात्री गरम खोलीत सुकवा.

शेवटचं, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं: क्रँककेसची ब्रीदर नळी. इंजिनातली वाफाळ हवा या नळीतून बाहेर पडते. नळीचं टोक खाली लोंबत असतं, तिथे वाफेचं पाणी होतं आणि थेंबाथेंबाने बर्फाचं बूच बसतं. आतला दाब जायला जागा शोधतो आणि एखादं सील ढकलून ऑइल बाहेर येतं. पायाशी अचानक ऑइलचे डाग दिसले तर सील बदलण्याआधी ही नळी पिळून बघा, आत कडक लागतंय का. इलाज साधा आहे: इंजिनाजवळ, जिथे नळी गरम राहते तिथे ब्लेडने एक छोटी चीर द्या. टोक गोठलं तरी दाब चिरेतून निघून जातो. हे करायला दोन मिनिटं लागतात.

सकाळी स्टार्टरच मारत नसेल तर ते वेगळं प्रकरण. आताच्या बऱ्याच ४५० गाड्यांना किक नसते आणि लिथियम बॅटरी थंडीत आळसावते. एकदा स्टार्टर मारून सोडा, अर्धं मिनिट थांबा, पुन्हा मारा. काम करताना ती स्वतः तापते आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा जोर येतो. बॅटरी रात्री घरात ठेवा.

जुनी घ्यायला जाताना

वरचं सगळं वाचून झालं असेल तर जुनी स्नो बाइक कशी तपासायची ते तुम्हाला निम्मं कळलेलंच आहे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर ते थंड होईपर्यंत थांबा, चहा प्या. मग ऑइलची काच बघा, झाकण काढून वास घ्या, आतली साय बघा. ऑइल खुणेच्या वर असेल आणि मालक म्हणत असेल की "मी भरपूर ठेवतो," तर तो खोटं बोलत असेल असं नाही, त्याला कदाचित माहीतच नसेल. पण ते इंजिन पातळ ऑइलवर किती तास पळालंय हे तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. तास मोजणारं मीटर आहे का, टॅपेट शेवटचे कधी तपासले, पिस्टन कधी बदलला, हे विचारा. थर्मोस्टॅट लावलेला आहे का, हे तर सगळ्यात आधी. दोन हिवाळे थर्मोस्टॅटशिवाय चाललेली चकचकीत बाइक मला कुणी निम्म्या किमतीत दिली तरी इंजिन खोलून बघितल्याशिवाय मी घेणार नाही.

संचाबद्दल थोडक्यात. प्रत्येक बाइकच्या मॉडेलला जोडणीचे भाग वेगळे लागतात, तेव्हा स्वस्तात मिळालेला संच तुमच्या बाइकला बसेलच असं धरू नका. १२० इंची पट्टा चपळ, १३७ इंची खोल बर्फात कमी रुततो. नव्याने शिकणाऱ्याने मधलं किंवा लहान घ्यावं असं माझं मत. पट्ट्याचे दात फाटलेत का, कडेचे धागे सुटलेत का बघा. सांगाड्याची चाकं एकेक हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. पट्टा सांगाड्याच्या ज्या रुळांवरून घसरतो त्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्या असतील तर किंमत पाडून मागा. या पट्ट्यांना बर्फच वंगण आणि बर्फच गारवा देतो, डांबरावर किंवा भुसभुशीत बर्फ नसलेल्या, घट्ट गोठलेल्या रस्त्यावर काही किलोमीटर पळवली की त्या वितळतात आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो.

एवढा जीव तोडून हे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. मॅकॉलच्या वरचे उतार सात हजार फुटांच्या पुढे जातात. मॅकॉलचं पेयेट ॲव्हलांच सेंटर हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याचा अंदाज देतं, तो बघूनच आम्ही निघतो. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याची जागा कळवणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सोबत असतं. पण उताराच्या मध्यावर, वर सगळा साठलेला बर्फ असताना बाइक बंद पडली तर तिथे उभं राहून प्लग बदलायचा की बाइक सोडून बाजूला व्हायचं, हे ठरवायला फार वेळ नसतो. माझ्यावर तो प्रसंग एकदा आला. मी बाइक सोडली, कडेच्या झाडीत जाऊन उभा राहिलो, आणि सोबत्याने एकट्याने जाऊन ती ओढून काढली. काही झालं नाही. पण त्या दहा मिनिटांनंतर "बघू, चाललंय तोवर चालवू" हे मी बंद केलं.

घरी परतल्यावरचं काम पंधरा मिनिटांचं. बाइक मागून स्टँडवर उचला, म्हणजे पट्टा जमिनीला चिकटून गोठणार नाही, आणि हाताने दोन-चार फेरे फिरवून अडकलेला बर्फ झाडा. रेडिएटरच्या जाळीतला, ब्रीदर नळीच्या टोकाचा आणि टाकीच्या नळीचा बर्फ काढा. मग बाइक सरळ उभी करून ऑइलची काच बघा आणि पातळी कुठे आहे ते एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. माझी वही गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते.